केगमधला फेस

ल्यूकन, ६ जून २०२५

चि. इंद्रनील यास वहिनीचे अ. उ. आ.

फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येऊन बसते, म्हणून शेवटी पोस्टाचं तिकीट आणलं. दादाच्या चाळिशीच्या पार्टीतून न जेवता डंडॉकला निघून गेलास, ते असो. पण तुझ्या घरच्या बिअरचा केग माझ्या फ्रिजमध्ये ठेवून गेलास, त्याचं काय? त्या पिंपासाठी दोन कप्पे काढलेत. दही बाहेर, कोथिंबीर बाहेर, आणि आत हे पोलादी जावईबापू!

ओतून द्यायला जीव होत नाही, तू एवढा खपलास. काल दादानं पुन्हा केगचा नळ उघडला. ग्लासभर फेस, उरलेला त्याच्या चष्म्यावर. ‘इंद्रनीलचं सगळं असंच, वर फेस आणि खाली काही नाही,’ असं तो पार्टीत म्हणाला, लोक हसले, मीही हसले. पण थट्टेवर इतकं रुसतात का रे? तन्वी ‘काका कधी येणार’ हे रोज विचारते, तेही डब्लिनच्या हेलातल्या इंग्रजीत.

या फेसाचं काय करायचं तेवढं कळव. रागावलास तरी लोभ ठेव.

तुझी,
वृंदावहिनी


डंडॉक, ११ जून

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

ओतून टाक. नसशील टाकत, तर नीट वाच. केगला जोडलेल्या छोट्या गॅस सिलिंडरची चावी बंद कर. केगच्या डोक्यावरची कडी ओढ, जादा दाब फुस्स करून निघून जाईल. मग गॅस अगदी हलका सोड. नळाची नळी फार आखूड आहे. सोबत लांब आणि बारीक नळी पाठवतोय, ती लाव आणि वेटोळं करून फ्रिजमध्येच ठेव. नळी गरम राहिली की फेस येतो. ग्लास गार पाण्यानं विसळून तिरपा धर. आणि नळ पूर्ण उघड.

चूक माझीच. पार्टीच्या घाईत गॅस जोरात सोडून केग हलवत बसलो होतो.

दादाला माहीत नव्हतं, हे मान्य. मे महिन्यात माझी नोकरी गेली. केक कापून झाला की त्याला बाजूला घेऊन सांगणार होतो. त्याआधीच तो ते बोलला, आणि सगळे हसले. आता पुण्याचं तिकीट बघतोय, एकाच बाजूचं. त्याला सांगू नकोस.

तन्वीला पापा. माझ्यावरची माया आटू देऊ नये.

इंद्रनील


ल्यूकन, १४ जून

चि. इंद्रनील यास अ. उ. आ.

नोकरी गेली आणि मला पत्रातून कळतं! तीन वर्षं दर रविवारी माझ्या हातचं जेवतोस, तेव्हा तोंड उघडतं ना?

तुझी नळी लावली. कपडे खराब होतील म्हणून भीत भीत नळ अर्धाच उघडला, तर पुन्हा फेस. वैतागून पूर्ण उघडला, आणि काय सांगू, मधासारखी स्वच्छ धार! वर बोटभर साय. पहिला ग्लास मी ओट्याशी उभी राहून एकटीनंच संपवला. छान झालीय रे.

सांगू नकोस म्हणालास, पण मी तुझं पत्र दादाच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं उभ्यानंच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. केग उचलून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला. फोन करून तरी जा म्हटलं, तर म्हणाला, तो उचलणार नाही. हे पत्र आणि थालीपिठांचा डबा त्याच्याच हाती देतेय. तुम्हा दोघा भावांपुढे मी हात टेकले.

जाणारच असशील, तर आधी मला तोंड दाखवून जा. जीव लावून असते,

वृंदावहिनी


डंडॉक, १६ जून

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

दादा केग कवटाळून दारात उभा होता. धर, जड आहे, एवढंच म्हणाला. हायवेवर केग घुसळून निघाला होता. दोन दिवस गार जागी बसू दे, म्हणून मी कानीकपाळी ओरडलो. ऐकतो कसला! त्याला मला स्वच्छ धार दाखवायची होती ना. फेस थेट कपाटांवर.

दोघं फरशी पुसायला बसलो. पुसता पुसता त्यानं विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हटलं, त्या दिवशी सांगायलाच आलो होतो. त्यानं फडकं बादलीत पिळलं. मग म्हणाला, की मी फार वाईट बोललो.

ते झालं, पण आता जायचं नाव काढत नाही! केग शांत होईपर्यंत इथंच, म्हणे. ऑफिसला रजा कळवली. माझ्या पलंगावर घोरतो, मी सोफ्यावर. माझा सीव्ही उघडून ओळीओळीला नाक मुरडतो. तिकीट बघायला लॅपटॉप मागितला, तर देत नाही.

वहिनी, याला घेऊन जा गं. येताना तन्वीलाही आण. आणि लोभ आहेच, तो आता समोर बसून कर.

तुझा,
इंद्रनील