सात पाहुण्यांचा मेळावा

२८ डिसेंबर, रविवार. सकाळ.
आज ठरवलं. लिंक्डइनवर माझी चार हजारांच्या वर कनेक्शन्स आहेत. रोज देवापुढे दिवा लावून झाला की मी त्यांच्यासाठी एक विचार लिहितो. कालच्या ‘संयम हीसुद्धा गुंतवणूक आहे’ला दोनशे लाइक. एवढी माणसं मनाने जवळ आली आहेत, फक्त भेटायची राहिली आहेत. तर त्यांना भेटवायचं. पुण्यात. नेटवर्किंग मेळावा.
कंपनी बंद झाल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, मी घरी आहे. प्रोफाइलवर ‘चिंतनासाठी विराम’ असं लिहिलं आहे. वीस वर्षं भोसरीत कंपनीचं स्टोअर सांभाळलं. मला काम शोधावं लागणार नाही. चार माणसांत गेलो की कामच मला शोधेल.

२९ डिसेंबर, सोमवार.
माझे मेव्हणे, शकूचे थोरले भाऊ सर्जेराव लोणी काळभोरहून आले होते. त्यांच्या कोल्ड स्टोरेजला स्टोअर बघायला माणूस हवा आहे. म्हणाले, या की दाजी तुम्हीच, घरचं हाय. चिंच, बेदाणे आणि बटाटे. चार हजार लोकांना हे कसं सांगायचं? मेळावा होईपर्यंत थांबा म्हटलं. शकू चहा गाळत होती. गाळून झाला तरी गाळणी हातातच.

२ जानेवारी, शुक्रवार.
पोस्ट टाकली. ‘ऑनलाइन ओळखी आता समोरासमोर. १८ जानेवारी, रविवार, सकाळी साडेदहा.’ दुपारपर्यंत खाली ‘ग्रेट इनिशिएटिव्ह सर’, ‘काळाची गरज’, ‘अभिनंदन’. एकाने विचारलं, लिंक मिळेल का, घरून जॉइन होतो. त्याला समजावून सांगितलं.
बुधवार पेठेतल्या एका वाचनालयाचा वरचा हॉल ठरवला. व्यवस्थापकांनी माणसं किती ते विचारलं. शंभर-सव्वाशे म्हटलं. ते म्हणाले, पंखे दोन चालू आहेत, माणसं आली तर तिसऱ्याचं बघू.

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी.
दगडूशेठला रांग फार. रस्त्याच्या पलीकडूनच हात जोडले. काही मागितलं नाही. फक्त तारीख सांगितली.
उपवासाच्या पोटी एकेकाला फोन केले. कुणाकडे लग्न, कुणाच्या कुत्र्याला इंजेक्शन. कुणी म्हणे, झोपायला रविवार एकच मिळतो. एका गृहस्थांनी विचारलं, आपण कोण? वर्षभर माझ्या विचारांखाली रोज हात जोडणारा माणूस. रेंज नसेल.

८ जानेवारी, गुरुवार.
चूक सापडली. मी लोकांना नुसतं ‘या’ म्हणत होतो. आमच्या गावच्या शाळेत स्नेहसंमेलनाला नुसतं ‘या’ म्हटलं तर सरपंचसुद्धा फिरकत नसत. पत्रिकेत नाव घातलं की सकाळीच दाढी करून हजर.
आज सौमित्र देवस्थळी सरांना फोन केला. हडपसरच्या एका कंपनीत मटेरियल्स हेड. हेच माझे मुख्य. त्यांनी मनात आणलं तर माझं काम एका शब्दात होईल. आधी म्हणाले, बघतो, जरा बिझी आहे. म्हटलं, सर, आपण प्रमुख पाहुणे आहात. तर लगेच म्हणाले, किती वाजता पोहोचू?

११ जानेवारी, रविवार.
पद्धत लागू पडली. अध्यक्ष मिळाले, उद्घाटक मिळाले, स्वागताध्यक्ष, मार्गदर्शकही. दोघं कशातच बसेनात, त्यांना ‘विशेष उपस्थिती’ दिली. एकूण सात, सगळे नक्की.
फ्लेक्स ऋतुजाने करून दिला. सात फोटो लावून झाल्यावर म्हणाली, बाबा, हे नेटवर्किंग नाहीये, लिटरली गणपती मंडळाचं बॅनर आहे. मी म्हटलं, मंडळाला गर्दी होते. शकूने विचारलं, अहो, सगळे वर बसले तर खाली कोण बसणार?
हिला लिंक्डइन कळत नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.
चार हजार लोकांना तिळगूळ पाठवला. फोटो.
सर्जेरावांचा फोन. सीझन तोंडावर आलाय, गाड्या उभ्या राहतात, हाय का नाय तेवढं सांगा. म्हटलं, रविवारी तुम्हीच या, माझी माणसं डोळ्यांनी बघा.
सात शाली, सात नारळ आणले. पिशवी उचलताना पाठीत चमक भरली. पाठीचं रविवारनंतर बघू.

१७ जानेवारी, शनिवार.
निवेदन पाठ झालं. ‘येणार’ म्हणणारे ऐंशीच्या वर. चहा शंभर कप सांगणार होतो. शकू वीस म्हणाली. मन मोडायला नको म्हणून ऐंशी सांगितला.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
सातही पाहुणे आले. वेळेआधी. पाचजण ब्लेझरमध्ये. व्यासपीठ लहान पडलं, मार्गदर्शकांच्या खुर्चीचा एक पाय सारखा काठावर येत होता. खाली शकू, ऋतुजा, सर्जेराव. बाकी खुर्च्या. अकरापर्यंत वाट पाहिली. व्यवस्थापक वर आले, खाली बसलेल्यांकडे बघून एक पंखा बंद केला आणि गेले.
दीपप्रज्वलन झालं. स्वागत झालं. सत्कार नीट झाला, त्याला वेळ लागतोच. मग सौमित्र सर उभे राहिले. खिशातून कागद काढला, खाली पाहिलं आणि कागद परत ठेवला.
"मे महिन्यापासून मी घरी आहे," ते म्हणाले. "प्रोफाइल बदललं नाही, एवढंच. इथे कुणी भेटेल म्हणून आलो होतो."
मग अध्यक्ष बसल्या जागेवरूनच म्हणाले, माझंही ऑगस्टपासून तसंच आहे. उद्घाटकांचा नोटीस पिरियड चालू आहे. मार्गदर्शक मुलांना मुलाखतीसाठी तयार करतात, त्यांना स्वतःला दोन वर्षांत मुलाखतीला बोलावणं नाही. एकेक करून सगळे बोलले. अंगावर शाली, मांडीवर नारळ. कुणाचंही भाषण लांबलं नाही. कीर्तन संपल्यावर देवळात मागे राहिलेली माणसं बसतात, तशी बसली होती.
आभार माझ्याकडे होते. मीही तेव्हाच सांगून टाकलं असतं, पण आयोजकाने तसं बोलणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, विरामात असलो तरी काही प्रस्ताव विचाराधीन आहेत.
चहाच्या वेळी सर्जेराव सौमित्र सरांपाशी जाऊन उभे. राहता कुठं, स्टोअरला माणसं किती होती, बेदाण्याला किती थंडी लागते ठाऊक हाय का. सर म्हणाले, ठाऊक नाही, पण शिकेन. मग सर्जेराव माझ्याकडे वळले.
"दाजी, तुमचं काय ठरलं? शेवटचं विचारतो."
शकूने कप खाली ठेवला. सातही पाहुणे बघत होते.
मी म्हटलं, त्या लेव्हलचं सध्या मी बघत नाही.

१९ जानेवारी, सोमवार.
ग्रुप फोटो टाकला. माणसं नीट विरळ उभी केली की हॉल भरलेला दिसतो. ‘पुढचा कधी?’ अशी बऱ्याच जणांची विचारणा. हे लोक काल कुठे होते, कळलं नाही.
मेसेजमध्ये एक प्रस्तावही आला. विमा एजंट व्हाल का? विचाराधीन ठेवला.
पाठ फार दुखते. आजचा विचार लिहिला नाही. कुणी विचारलंही नाही.

२० जानेवारी, मंगळवार. दुपार.
सर्जेरावांचा फोन. फोन माझाच, पण आवाज त्यांचा. घरभर ऐकू जातो.
"दाजी, ते देवस्थळी. तुमच्या ओळखीतले. माणूस भरवशाचा हाय ना?"
मी त्यांना एकदाच भेटलो आहे. तरी जे पाहिलं ते खरं पाहिलं. हो म्हटलं, सरळ माणूस आहे.
"मग उद्यापासून बोलावतो त्यांना. तुमच्यापाशी काय, प्रस्ताव हायेत."
चांगलं केलंत म्हटलं.
शकू ओट्यापाशी होती. तिने ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "अहो, झालं की तुमचं नेटवर्किंग."
जेवलो.