मामांच्या जीपचा मागचा ॲक्सल आणि नियम क्रमांक सात

मंगळवार, दिनांक १७ सप्टेंबर २०१९. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. एवेलिओ मिस्त्रींच्या गॅरेजात केळ्यांच्या पालथ्या खोक्यावर बसलो आहे. समोर आपल्या जीपचा मागचा ॲक्सल जमिनीवर आडवा पडलेला आहे आणि मी त्याला रॉकेलने पुसत होतो. आता थांबलो आहे. का थांबलो ते पुढे येईल.

तीर्थस्वरूप लिबार्दो मामा यांना भाचा दुवान याचा आदरपूर्वक नमस्कार. तुमच्या गुडघ्याचे कसे आहे? वालेन्सियात संत्र्यांचे काम सुरू झाले का? आईने विचारायला सांगितले आहे की थंडीत तुम्ही लोकरी पायमोजे खरेच घालता, की नुसते घालतो म्हणून सांगता. आई बरी आहे. तिचे शिवणकाम चालू आहे आणि शिलाई मशीनही बरे आहे. (मशीनबद्दल पुढे लिहायचे आहे, म्हणून इथे उल्लेख करून ठेवतो.) आई म्हणत होती की पत्र कशाला, सरळ फोन कर. पण गाडीचा विषय निघाला की फोनवर तुम्हाला आवाज येईनासा होतो, म्हणून लिहितो. पानांचे फोटो आजच पाठवीन आणि मूळ पत्र टपालाने येईल. मी आठवीत शाळा सोडली, तरी प्रत्येक ओळ दोनदा तपासली आहे. चूक सापडल्यास कृपया कळवावी.

वाईट बातमी अशी की रविवारी, ८ तारखेला, मागचा ॲक्सल मोडला. गाडीत केळ्यांचे चौतीस घड होते. उजवीकडचा दांडा तुटला, मधल्या गोळ्यातले दातेरी चाक फुटले आणि जीप म्हशीसारखी खाली बसली. कोणाला लागले नाही. केळी वाचली.

चौकातल्या जीपच्या रांगेचा नियम तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या वेळेपासून तो बदललेला नाही. ज्याची गाडी लागोपाठ पंधरा दिवस रांगेत उभी राहिली नाही, त्याचा नंबर जातो. आपला नऊ नंबर या रविवारी, २२ तारखेला, जाईल. पुढच्या महिन्यात कॉफीची तोडणी सुरू होते. वर्षाची कमाई त्या तीन महिन्यांतच होते, आणि नंबर नसला तर वरच्या वाडीचे एक पोतेही मला कोणी देणार नाही. शिवाय चौकातल्या फळ्यावर नऊ नंबरपुढे अजून तुमचेच नाव आहे. गेल्या सहा वर्षांत ते पुसून माझे लिहा असे मी कधी म्हटले नाही. ते दुसऱ्या कोणाच्या नावासाठी पुसले जावे हे मला बघवणार नाही.

आता प्रश्न असा आहे: जुनाच ॲक्सल मजबूत करायचा, की तो काढून दुसरा बसवायचा? एवेलिओ मिस्त्री म्हणतात मजबूत करा. जाड दांडे, नवीन दातेरी चाके, ॲक्सलच्या नळीला बाहेरून लोखंडी पट्टी. साडेचौदा लाख पेसो आणि चार दिवस. शहरातला भंगारवाला म्हणतो की एका जपानी गाडीचा अख्खा ॲक्सल आहे, सव्वीस लाखांत दोन दिवसांत बसवून देतो, नातवंडांपर्यंत बघायला नको. मी एका वहीत दोन रकाने आखले आणि चौकातल्या तेवीस माणसांचे मत घेतले. (घाईत असलेल्यांना विचारले नाही.) अकरा जण मजबूत करा म्हणाले, अकरा जण बदला म्हणाले. पाद्रीबाबांनी खेचर घे असे सुचवले. त्यांचे मत मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

मत विचारायचे धाडस होत नव्हते असा एकच माणूस होता, तो म्हणजे आल्देमारकाका. एक तर ते रांगेचे प्रमुख आहेत आणि नंबरांची वही त्यांच्याच हातात असते. दुसरे म्हणजे गेले नऊ दिवस ते स्वतःची फेरी संपवून माझ्या नंबरची फेरीही मारत आहेत, आणि भाडे पाकिटात घालून आईला देऊन जातात. आईने त्यातून डिझेलचे पैसे परत केले तर म्हणतात, "नुबियाताई, लिबार्दोच्या बहिणीकडून डिझेलचे घेऊ? मेल्यावर वरती काय तोंड दाखवू?" त्यांची गाडी तुम्हाला आठवतच असेल. ती अजून तशीच तिरकी चालते. नाक डोंगराकडे, शेपूट दरीकडे. सगळे तिला खेकडा म्हणतात. बायका चढताना विचारतात, "आल्देमारदादा, आज तुमच्याबरोबर यायचं की तुमच्या बाजूने?" आणि ते म्हणतात, "बसा हो, एका तिकिटात दोन्हीकडचा देखावा." ते हसतात, पण मी जवळून पाहिले आहे. सगळे उतरले की ते गाडीच्या मागे उकिडवे बसतात आणि टायर बघतात. मागचा टायर त्यांना सहा महिन्यांवर टिकत नाही. त्यांचे सासरे म्हणे मरेपर्यंत म्हणत राहिले की ज्याला सरळ चालवता येत नाही त्याला मी मुलगी दिली.

शुक्रवारी मला उगाच चौकात घोटाळताना पाहून त्यांनीच हाक मारली. "काय रे, तेवीस जणांना विचारलंस, मी काय वाळीत आहे?" मी दोन्ही रकाने दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि वही मिटली. म्हणाले, "हे बघ पोरा, बदलायचा विचारही करू नकोस. लिबार्दोचा ॲक्सल म्हणजे या डोंगरातला सगळ्यात सरळ ॲक्सल. तीस वर्षं तुझ्या मामाच्या मागे गाडी चालवली मी. त्याची गाडी दोरीवरून चालल्यासारखी जायची. मला असला एक मिळाला असता ना..." आणि वाक्य तिथेच सोडून ते आपल्या गाडीकडे गेले. मी वहीत लिहिले: मजबूत करणे, बारा.

तेव्हा निर्णय झाला होता, मामा. काल मिस्त्री म्हणाले की पट्टी जोडायच्या आधी नळी स्वच्छ धुवायला हवी, आणि मला तुमचा कागद आठवला. विमानतळावर तुम्ही मला जे अकरा नियम लिहून दिले होते, ते मी आरशामागे जपून ठेवले आहेत. नियम क्रमांक सात: मागचा ॲक्सल रॉकेलने कधीही धुऊ नये. सहा वर्षे मी तो पाळला. मला वाटले रंग खराब होत असेल. पुढचा ॲक्सल धुवायला हरकत नाही आणि मागचा धुवायचा नाही, याचे नवल वाटायला हवे होते, पण तुमच्या नियमाचे नवल वाटून घेणे मला योग्य वाटले नाही.

आज पाच वाजता उठून आलो आणि धुतला. हिरव्या रंगाखाली डांबर होते. डांबराखाली काळा रंग होता. काळ्या रंगाखाली, डाव्या बाजूला, स्प्रिंगच्या पाट्याच्या बैठकीजवळ, छिन्नीने ठोकलेली अक्षरे होती: आल्देमारकाकांची आद्याक्षरे आणि त्याखाली १४-३-८७. ही त्यांच्या मुलीची, मारिसेलची, जन्मतारीख आहे. (मारिसेलचा वाढदिवस मला पाठ आहे. कारण विचारू नये.)

मी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी वाकून पाहिले, हात पुसले आणि म्हणाले, "मी तेव्हा जेवायला गेलो होतो." मी विचारले, केव्हा? ते म्हणाले, "जेव्हा केव्हा झालं असेल तेव्हा." मग न्याहारीला मक्याचे आरेपा आणायला म्हणून जे गेले ते अजून आलेले नाहीत.

मामा, मी जेवढे समजलो ते लिहितो. चुकत असेन तर दुरुस्त करा. १९८८च्या जूनमध्ये कालार्काच्या जीपच्या मिरवणुकीत तुम्ही पहिला नंबर मिळवलात. ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. पाठीमागे पोत्यांचा भार, पुढची चाके हवेत, तुम्ही खाली उतरलेले, आणि गाडी दोन मागच्या चाकांवर एकटीच गिरक्या घेते आहे. आदल्या आठवड्यात सरावात तुमच्या ॲक्सलची नळी वाकली असणार, हे मात्र मला आजवर सुचले नव्हते. आल्देमारकाकांची गाडी तेव्हा क्लचसाठी याच गॅरेजात उभी होती, हे ते स्वतःच सांगतात. रात्रीतून त्यांचा सरळ ॲक्सल आपल्या गाडीखाली आला आणि आपला वाकडा, रंगवून, त्यांच्या गाडीखाली गेला. मिरवणूक झाल्यावर परत बदलायचे तुमच्या मनात असणार, याबद्दल मला शंका नाही. आल्देमारकाका त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते, हे तुम्हीच सांगता. बक्षिसात शिलाई मशीन मिळाले. ते तुम्ही आईला दिलेत. माझा शाळेचा गणवेश त्याच मशीनवर शिवला गेला.

म्हणून आता दोन रकान्यांचा अर्थ बदलला आहे. ॲक्सल बदलला, तर हा भंगारात जातो, वितळतो आणि कोणाला काही कळत नाही. मजबूत केला, तर तो आपल्याच गाडीखाली राहतो आणि मी रोज आल्देमारकाकांच्या पुढे सरळ रेषेत चालत राहतो. मला दोन्ही जमणार नाही असे वाटते. तुम्ही मोठे आहात. काय करू ते कळवा. रविवारच्या आत.

आईचा आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

आपला आज्ञाधारक भाचा,
दुवान

ता.क. एक गोष्ट वर पूर्ण लिहिलेली नाही. चौतीस घड होते हे खरे आहे, पण ते बाजारात चालले नव्हते. मी ते फुटबॉलच्या मैदानावर गाडीच्या मागच्या टोकाला रचले होते. पुढच्या जूनमध्ये कालार्काला जावे असे मनात होते. पुढची चाके उचलली, मी खाली उतरलो. दोन गिरक्या झाल्या, मामा. दोन्ही अगदी गोल. तिसरीला मोडला. नियम क्रमांक चार (गाडीला गिरक्या घ्यायला लावू नये) मोडल्याबद्दल क्षमा असावी. (मारिसेल मैदानावर होती, हा योगायोग नव्हता.)

ता.क. दुसरे. सकाळचे पावणेआठ. पत्र घडी करत होतो तेवढ्यात आल्देमारकाका आले. मिस्त्रींनी त्यांना आरेपाच्या दुकानात काही सांगितले की नाही ते मला माहीत नाही. अक्षरे झाकायला माझ्या हातात फडके होते. मी झाकली नाहीत. ते गुडघे टेकून बसले. अंगठ्याने तारखेवरून हात फिरवला. मग भिंतीजवळची मोजायची लांब पट्टी घेतली, नळीवर ठेवली, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "सरळ आहे रे."

मी म्हटले, हो काका.

"म्हणजे मी सरळच चालवत होतो."

मी म्हटले, हो काका.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. आणि चष्मा काढून शर्टाने पुसत बसले. तो स्वच्छच होता.

मला वाटले आता वही काढतील आणि नऊ नंबरवर काट मारतील. त्यांनी वही काढली, पण तारखा मोजल्या. म्हणाले, "हा मजबूत करायला चार दिवस लागतात. म्हणजे शनिवार. उशीर झाला तर तुझा नंबर गेला. माझ्या गाडीखालचा आज संध्याकाळी सुटेल. तो तुझ्या मामाचा आहे, तुला घालून घे आणि उद्यापासून रांगेत उभा राहा. माझा मजबूत होईपर्यंत माझी गाडी इथे राहील. मला चार दिवस रजा." मी म्हटले, काका, वाकडा ॲक्सल मला चालवता येणार नाही, मी दरीत जाईन. तर म्हणाले, "मी शिकवतो की. वाकडी गाडी सरळ न्यायला या डोंगरात माझ्याएवढं कुणाला येतं?" आणि मामा, मग ते इतके हसले की मिस्त्री आरेपा घेऊन दारातच थांबले. बाहेर जाताना मात्र हसत नव्हते. रस्त्यावर जाऊन जो दिसेल त्याला हाक मारून सांगत होते, "अहो, मी सरळ चालवत होतो!"

ता.क. तिसरे. त्यांचा निरोप शब्दशः देतो. "लिबार्दोला सांग, पैसे पाठवू नकोस, फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पुढच्या जूनमध्ये कालार्काला ये. मी गाडी घेऊन मिरवणुकीत उतरणार आहे. मी जिथे उभा होतो तिथे, त्याच झाडाखाली उभा राहा आणि टाळ्या वाजव." तेव्हा या पत्राची खरी विनंती एवढीच आहे की तुम्ही तिकीट काढावे. झाड अजून आहे, मी विचारून घेतले. घरी सांगितल्यावर आई शिलाई मशीन काकांना द्यायला निघाली होती, पण काकांनी निरोप धाडला की त्यावर त्यांच्या दोन पँट शिवून द्या, मापे द्यायला मारिसेलला पाठवतो. (मापे काकांची आणि येणार मारिसेल, हे मला कळले नाही, पण मी घरीच थांबणार आहे.)

हिशोब खाली जोडतो.

झालेला खर्च: रॉकेल, चार लिटर. आरेपा, सहा. मोडक्या दांड्याच्या जागी जाड दांडे, दातेरी चाके आणि पट्टी मिळून साडेचौदा लाख पेसो. त्यातले पाच लाख मी दिले, बाकी मी तोडणीत फेडतो, तुम्ही मध्ये पडू नका.

तुमच्याकडून येणे: विमानाचे तिकीट, एक, स्वतःसाठी.

आल्देमारकाकांना देणे: मागचे टायर, वर्षाला दोन जास्तीचे, एकतीस वर्षांचे बासष्ट. (मी दोनदा मोजले. काका म्हणतात चौसष्ट.)