रोम्पेरे नव्हे, स्पेत्सारे

देवास, रविवार संध्याकाळ

अजून खरं वाटत नाही. नितीनने इटालियन मुलीशी लग्न केल्यापासून दादा, माझा भाऊ, स्वतःच्या मुलाशी बोलला नव्हता. आज नितीन-लुचिया आली, म्हणून मी दादालाही धारहून बोलावलं. जेवताना तो ताटातून मान वर करत नव्हता.

लुचियाने बाफला, म्हणजे दाळीबरोबरचा कणकेचा उकडून भाजलेला गोळा, हातात घेऊन मला विचारलं, "ब्रेक, मराठीत काय?"

"काच फुटते, दोरा तुटतो, बाफला मोडतात."

ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आमची काच रोम्पेरे. पण पाव सगळ्यांना वाटायला मोडतो ना, ते स्पेत्सारे."

दादाने मान वर केली. आपला बाफला मोडून अर्धा तिच्या ताटात ठेवला. "स्पे... काय म्हणालीस, सूनबाई?"

सूनबाई! दादा म्हणाला हे? मी दाळ वाढायचीच विसरले. एका शब्दाने असं होतं?

नितीन हळूच म्हणाला, "बाबा, परत म्हणा ना."

आणि दादा परत म्हणाला, "सूनबाई."