ओढ्याचा कुठला काठ

पार्दुबित्से, २ सप्टेंबर २०१९
ती. झोफीकाकूस रादिमचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत. यावोर्काला साडेसहाशे वर्षं होतात म्हणून गावाचा इतिहास-भूगोल लिहायचं काम सरपंचबाईंनी माझ्या गळ्यात घातलंय. गिरणी झाली, तळं झालं. आता जंगलातल्या जागांची जुनी नावं नकाशावर मांडतोय. आलोइसकाकांचा खळगा नेमका कुठे, तेवढं कळव.

तुझ्या मायेतला,
रादिम

यावोर्का, ६ सप्टेंबर
चि. रादिमला अ. उ. आ.

पत्र मिळालं. इतिहास लिहिणाऱ्याला अळंबीची जागा कशाला हवी? कुठेतरी पाणी मुरतंय. तुझा बाप शेळी हरवली म्हणून तुझ्या काकाच्या मागे मागे जंगलात यायचा, आणि तुमच्याकडे शेळी कधी नव्हतीच. तुझा काका पोटच्या मुलीलाही जागा न सांगता गेला. एकट्या मला दाखवली, तीही लग्नाला वीस वर्षं झाल्यावर. असला कुठलाही खळगा मला ठाऊक नाही.

कोबीला यंदा गोगलगाय लागली आहे. खुशाली कळवत जा.

तुझी काकू

पार्दुबित्से, १० सप्टेंबर
ती. काकूस सा. न.

शेळीचं मान्य. पण आता चेष्टा नको. स्प्रूसच्या झाडांना साल पोखरणारी कीड लागली, म्हणून गावचं जंगल या महिनाअखेरीला तोडायचं ठरलंय. नकाशावर ज्या जागेला नाव असेल, तिथली निरोगी झाडं तेवढी ठेवायची, असं पंचायतीत माझ्याच हट्टाने मंजूर झालंय. तू गप्प राहिलीस तर खळगा जाईल. मी टोपली घेऊन फिरकणारसुद्धा नाही, शपथ.

राग नसावा.
रादिम

यावोर्का, १४ सप्टेंबर
चि. रादिमला अ. उ. आ.

अळंबीवाल्याची शपथ म्हणजे कोल्ह्याने कोंबडीला दिलेलं वचन. म्हणून पंचायतीत जाऊन खात्री केली. तोडीचं खरं निघालं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

कबरस्तानात मी फुलं ठेवते ती लोकांसाठी. तुझा काका मला भेटतो तो त्या खळग्यात. तिथे बसलं की जरा बोलणं होतं. ती झाडं गेली तर मी जायचं कुठे? तेव्हा लिही: देवळीपाशी ओढा वळतो तिथे, पण देवळीच्या काठाला नव्हे, समोर गिरणीच्या काठाला. बर्चची तीन झाडं आहेत, त्यांच्या मागे. वाचून पत्र चुलीत घाल.

सांभाळून राहा.
काकू

यावोर्का, २ ऑक्टोबर
चि. रादिमला आशीर्वाद.

काल तोड झाली. गिरणीचा काठ बोडका झालाय. बर्चसुद्धा ठेवले नाहीत. समोर देवळीच्या काठाला मात्र लाल फीत बांधून तुझ्या काकाच्या नावाची पाटी उभी आहे. तिथे जन्मात विषारी छत्र्यांशिवाय काही उगवलं नाही.

मी सरपंचबाईंना जाब विचारला. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, रादिमनेच तसं सांगितलं, की काकूने गिरणीचा काठ कळवलाय, म्हणजे खळगा नक्की देवळीच्या काठाला असणार. आमच्या घरात खरी जागा कुणी सांगत नाही, असंही तू म्हणालास म्हणे. ऐकून मजूर हसले. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हसले असते.

तुला दोष कुठल्या तोंडाने देऊ? तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण फार लागलं, रादिम. सगळ्या आयुष्यात मी जागा एकदाच खरी सांगितली, आणि ती तुला.

आज खळग्यात एका खुंटावर बसून आले. ऊन थेट डोक्यावर येतं. तुझा काका काही बोलला नाही.

नाताळात ये. जव शिजवून कुबा करीन, पण त्यात या वर्षी अळंबी दुकानातली असेल. तरी ये.

तुझी,
झोफीकाकू