बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

वारूळवाडी,
रविवार, १२ जानेवारी २०२५

आदरणीय आप्पा,
सविनय जय भीम.

इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीने आखडतो, पण तेल लावून शेकला की ती पुन्हा उभी राहते. ज्योत्स्नाची अकरावीची चाचणी बरी गेली. तळेघरला आपल्यापेक्षा थंडी जास्त, तेव्हा आश्रमशाळेच्या व्हरांड्यात झोपत जाऊ नका. शिपायाने व्हरांड्यातच झोपावं असा काही नियम नाही. मी एका माहीतगाराला विचारून घेतलं आहे.

मी फोन लावतो तेव्हा तुमच्याकडे रेंज नसते. असली तर तुम्ही "बरंय ना समदं? मग ठेव" म्हणता. म्हणून हे पत्र. बातमीही तशीच आहे, घाईत सांगण्यासारखी नाही.

मला इंटर्नशिप मिळाली.

पर्यावरणाचं काम करणारी एक संस्था आहे. ती कॉलेजच्या मुलांना तीन महिने कामावर घेते. आठवड्यातून तीनच दिवस जायचं, बाकीचे दिवस अभ्यासाला मोकळे. मानधन आहे आणि शेवटी प्रमाणपत्र. बारावीला नापास होऊन दोन वर्षं गॅरेजमध्ये काढल्यावर आपल्याला कोणी कॉलेजचा विद्यार्थी म्हणेल, असं मला वाटलं नव्हतं. मुलाखतीला मुक्त विद्यापीठाचं ओळखपत्र, त्याच्या झेरॉक्स, पूर्वतयारी परीक्षेचा निकाल, सगळं प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावून नेलं होतं. उज्ज्वला मॅडम हे काम बघतात. त्यांनी फाइल उघडलीही नाही. म्हणाल्या, "मुक्त विद्यापीठ म्हणजे कॉलेजच ना? मग एवढा घाम कशाला फुटलाय तुला?"

आम्ही सहा जण आहोत. जुन्नरची आरोही बी.एस्सी. करते आणि सगळ्यांवर हुकूम सोडते. ऋतिक इंजिनिअरिंगला आहे. माझ्याशी दोघंही बरोबरीने बोलतात. गळ्यात घालायला कार्ड मिळालं आहे. त्यावर छापलंय : कपिल खंडू भालेराव, पर्यावरण इंटर्न. तुमचं नाव दिसल्यावर आईने ते पदराने पुसलं. नवीनच होतं, पुसण्यासारखं काही नव्हतं.

काम मातीचं आहे. मातीचा कस वाढवण्याचं. गाव लांब नाही, सायकलने जाऊन दुपारी परत येतो.

तब्येतीला जपा. चहा कमी करा.

तुमचा
कपिल


वारूळवाडी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आप्पा,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. माझं अभिनंदन केलंत, बरं वाटलं. त्याखाली दोन प्रश्न विचारलेत : कसली माती, आणि कुठलं गाव.

पहिल्याचं उत्तर आधी लिहितो.

आम्ही कचऱ्याचं खत करतो. त्या गावाला मंगळवारचा बाजार असतो. बाजार उठला की कोबीचा पाला, सडके टोमॅटो, केळीच्या दांड्या, कोथिंबिरीच्या काड्या असं सगळं तिथेच पडून राहायचं आणि कुत्री-डुकरं ते गावभर करायची. आता बुधवारी सकाळी आम्ही ते गोळा करतो. प्लॅस्टिक वेगळं काढतो. विटांचे हौद बांधले आहेत, त्यात एक थर ओला पाला, एक थर सुका पाला आणि वर शेणकाला. पुढे अधूनमधून खालवर करायचं. हात आत घातला तर चटका बसेल इतकं ते तापतं. मग निवत जातं आणि शेवटी काळी, भुसभुशीत माती हाताला लागते. आप्पा, तिला कसलाही वास येत नाही. पहिल्या हौदातली चाळली तेव्हा मी ओंजळभर नाकाशी धरून उभा होतो. नुसता जंगलातल्या पाल्याचा वास.

आधी मात्र येतो वास. पहिल्या दिवशी ऋतिकला उलटी झाली. आरोही म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, ओल्या कचऱ्यात टाका हां, सुक्यात नको!" सगळे हसले, तोही हसला. आम्हाला हातमोजे आहेत, बूट आहेत, साबण आहे. गावाने बाजारपेठेत ऋतिकचा बॅनरही लावला, "आमच्या गावचे पर्यावरणदूत". तो त्याच गावचा. आरोहीच्या वडिलांनी तिचा फावड्यासकट फोटो स्टेटसला ठेवला. मी काही ठेवलं नाही.

आईला कपड्यांवरून कळलं. ती एका शब्दाने बोलली नाही, पण माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवू लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. आता माझे कपडे मीच धुतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : आपलं जुनं गाव.

आजोबा तिथून उठून आल्यापासून आपल्या घरातलं कोणी तिकडे गेलेलं नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही तर त्या फाट्यावर एस.टी. थांबली तरी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघता. आणखी काय लिहावं ते सुचत नाही. ज्योत्स्ना नमस्कार सांगते.

तुमचा
कपिल


वारूळवाडी,
रविवार, ६ एप्रिल २०२५

आदरणीय आप्पा,
सविनय जय भीम.

तुमच्या कार्डावर दोन ओळी होत्या. "काम सोड. तुझा आजा ह्याच कामापायी गाव सोडून उठला, हे इसरू नको." बाकी कार्ड कोरं होतं. त्यानंतर तुमचं पत्र नाही, आणि मीही लिहिलं नाही. ज्योत्स्नाला बाजूला बसवून आईने मला एकदा विचारलं, "काय ठरवलंस?" मी म्हणालो, "तीन महिने होऊ दे." ते झाले. आता सविस्तर लिहितो.

गेल्या आठवड्यात गावाची बैठक झाली. संस्था आता पुढच्या गावात जाणार, म्हणून हौद गावाच्या ताब्यात द्यायचे होते. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आम्हा सहा जणांना पुढच्या रांगेत बसवलं, गुलाबाचं एकेक फूल दिलं. उज्ज्वला मॅडमनी विचारलं, आमची मुलं गेल्यावर हे कोण चालवणार? तेव्हा चांगदेवभाऊ उठले. ते ऋतिकचे चुलते, गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे.

"पोरांनी लई झाक काम केलं," ते म्हणाले. "आता ती आपापल्या कॉलेजला जात्याल. पण खत बंद नाय पडलं पायजे. हा कपिल हाय की आपला, बहिऱ्याचा नातू. ह्यालाच ठिवू कायम. पगार देऊ. त्यांच्या घराला ह्या कामाची सवय व्हती."

कोणी हसलं नाही, आप्पा. हसले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं. दोन-तीन जणांनी मानाही डोलावल्या, की बरोबर आहे, चांगली सोय झाली. ऋतिक मान खाली घालून मोबाइलवर बोट फिरवत होता. मोबाइल बंद होता, मला दिसत होतं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाला बिल सांगायच्या आधीही मी मनात दोनदा म्हणून बघायचो. त्या दिवशी म्हणून बघायला वेळ मिळाला नाही. मी उभा राहिलो आणि पुढच्या खुर्चीची पाठ धरावी म्हटलं, तर पुढे खुर्चीच नव्हती.

मी म्हणालो, "भाऊ, त्यांचं नाव बहिरू भालेराव. मेलेलं जनावर ओढायचं काम त्यांनी सोडलं, कारण ते एकट्या आमच्या आळीवर लादलेलं होतं. धम्म घेतल्यावर ते नाही म्हणाले, तर गावाने त्यांना दुकानातला माल बंद केला, पाणी बंद केलं. मी तीन महिने हे काम केलं, कारण सहा घरची सहा मुलं मिळून करत होतो. आता शिकवायला मी येईन. उचलायला प्रत्येक घराने यायचं. आणि पहिला नंबर तुमच्या घराचा."

"आमच्या घराचा?" ते म्हणाले. "आमी कचरा उचलायचा?"

"तुमच्या पुतण्याने उचलला, तर तुम्ही त्याचा बॅनर लावला."

हे मी कसं बोललो ते मला अजून कळत नाही. मग मागून लंकाबाईंचा आवाज आला. त्या बाजारात भाजी विकतात, पहिल्या दिवसापासून आम्हाला शिव्या आणि चहा दोन्ही देत आल्या.

"खरं बोललं लेकरू!" त्या म्हणाल्या. "ओ चांगदेवभाऊ, कोबी तुमच्या मळ्यातली, इकते मी, खातं समदं गाव. आन् पाला उचलाया माणूस वारूळवाडीचा व्हय? लावा, माझा बी नंबर लावा! पर मला वाकाया जमत न्हाई. मी आपली मुकादम हुते."

तेव्हा मात्र लोक हसले, आणि हसता हसता माना पहिल्यापेक्षा जास्त डोलल्या. नंबर ठरले. एका बुधवारी चार घरं, आळ्या न बघता, बाजारपेठेच्या टोकापासून ओळीने. टोकाचं घर चांगदेवभाऊंचंच. तरीही ते उठून गेले नाहीत.

बाहेर नळावर ऋतिक भेटला. "काका लई तापलेत," म्हणाला. मी म्हणालो, "मग तुलाच पाठवतील." तर म्हणतो, "छ्या! मी तीन महिने केलंय, माझा कोटा संपला. घरात सांगून टाकलंय. आता काकाच येतील." सभेत तो गप्प बसला याचा राग मला अजून आहे, पण तिथे हसू आलं.

उज्ज्वला मॅडमनी मला पुढच्या तुकडीसाठी ठेवून घेतलं आहे. नवीन मुलांना मी शिकवायचं. अर्धवेळच आहे, परीक्षेला अडचण नाही. प्रमाणपत्र आईने ट्रंकेत ठेवलं. माझे कपडे आता ती सगळ्यांच्या कपड्यांत भिजवते.

आता राहिलेलं लिहितो. हे गाव मला कोणी दिलं नव्हतं. मॅडमनी सुरुवातीला तीन गावांची नावं सांगितली आणि आमची तुकडी कुठल्या गावात न्यायची ते विचारलं. मी ते मागून घेतलं. आजोबा सांगायचे, पणजोबांना गावात शिरायला मागची, ओढ्याकडची वाट होती, जनावर ओढत न्यायची तीच. मला पुढच्या रस्त्याने जायचं होतं, बाजारपेठेतून, लोक बघत असताना. पहिल्या बुधवारी पेठ लागली तसा मी सायकलवरून उतरलो आणि ती हातात धरून चालत गेलो, लवकर संपू नये म्हणून.

तुम्ही काम सोड म्हणालात. तुमचं बोलणं मी याआधी कधी मोडलेलं नाही, त्यामुळे पुढचं वाक्य लिहायला सकाळपासून बसलो आहे. मी हे काम सोडणार नाही. आजोबांनी नाही म्हणून दाखवलं, ते त्यांचं. त्याच गावात उभं राहून सगळ्यांनी करायचं असं म्हणणं, एवढं माझ्या वाट्याला आलं. आजोबा असते तर रागावले असते की नाही, हे मला सांगता येत नाही. तुम्हाला येईल.

सोमवारी, चौदा तारखेला, जयंतीला तुम्ही येणारच आहात. रजा बुधवारपर्यंत काढा. बुधवारी सकाळी चांगदेवभाऊ हौदाशी येतील आणि फावडं कसं मारायचं ते मी त्यांना दाखवीन. तुम्ही तिथे असावं, अशी माझी इच्छा आहे. तुम्ही कशालाही हात लावायचा नाही. मी खुर्ची मांडून ठेवतो, सावलीत. आपण दोघं बाजारपेठेतून चालत जाऊ. तुम्ही नाही आलात तर मी एकटा जाईन.

बहिरू भालेराव यांचा नातू
आणि तुमचा मुलगा,
कपिल