धूम्रपानमुक्त घरातले कपडे

१० मार्च, सोमवार. सकाळ.

पहिली विक्री. निळा चौकटींचा शर्ट, सहा युरो. खरा खर्च असा: खोकं घरचंच, चिकटपट्टी अडीच युरो, फोटो काढताना तीन सिगरेटी, भाव ठरवताना दोन, गिऱ्हाईक दोन तास गप्प बसलं तेव्हा चार. नऊ सिगरेटींचे तीन युरो ऐंशी. म्हणजे शर्टामागे तीस सेंटचा तोटा. इस्त्रीचा पाऊण तास धरलेला नाही. पहिला शर्ट हा जाहिरातखर्चच असतो.

रोझी शनिवारी बोर्कुम बेटावर गेली. तीन आठवडे समुद्राची हवा, डॉक्टरांनी फुफ्फुसांसाठी लिहून दिलेली. बॅग दारात ठेवून म्हणाली, कपाटातला एकेक कपडा चाळीस वर्षं धूर प्यायलाय, सगळे घराबाहेर काढ. आणि तूही सिगरेट सोड. २९ तारखेला येईन, दारात एक श्वास घेईन. खोकला आला तर बॅग न उघडता एम्डेनला, आल्मुटकडे. आल्मुट म्हणजे तिची बहीण. बेटावरची बोट एम्डेनलाच लागते, त्यामुळे आल्मुटचं नाव आमच्या घरात जरा जास्तच निघतं.

मी म्हटलं, शब्द दिला. अडतीस वर्षांच्या संसारात रोझीने माझा शब्द कधी तपासून पाहिलेला नाही.

सत्तर नग आहेत. फेकून देणारा मी नव्हे. इथे हर्नेत बत्तीस वर्षं गालिचे आणि लाकडी फरश्या बसवल्या, एका गाडीवर सुरुवात केली, सात गाड्या झाल्यावर धंदा विकला. माल कसा खपवायचा हे मला कुणी शिकवू नये. ऑनलाइन विकणार.

११ मार्च, मंगळवार.

बाजाराचा अभ्यास केला. प्रत्येक जाहिरातीखाली एकच ओळ: ‘धूम्रपानमुक्त, प्राणीमुक्त घरातून.’ मग या देशात सिगरेटी ओढतं कोण? आणि रस्त्यावरची कुत्री कुणाची? विचारांती लक्षात आलं. ही ओळ पत्राखालच्या ‘आपला नम्र’सारखी आहे. नम्र कोणी नसतो.

सगळ्या जाहिरातींखाली टाकली. खोटं काही नाही. प्राणी आपल्याकडे नाही, म्हणजे अर्धं वाक्य आजच खरं. उरलेलं अर्धं २९ पर्यंत होईल.

संकल्प: आजपासून घरात सिगरेट बंद. फक्त बाल्कनीत. बाल्कनीचं दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर गिऱ्हाइकाचा फोन ऐकू येत नाही.

१३ मार्च, गुरुवार.

गिऱ्हाइकं मापं फार विचारतात. उंटाच्या रंगाच्या लोकरी कोटाचं माप दिलं: १.९ चौरस मीटर, कापणीतली घट पाच टक्के धरून. कासेलच्या एका बाईने विचारलं, छाती किती? मी लिहिलं, माझी की कोटाची? तिने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं. कासेलकडे विनोद पोचायला वेळ लागतो.

आणखी दोघांची तक्रार: सगळ्या फोटोंत पांढरट धुकं दिसतं. लेन्स पुसली. धुकं कायम. नवा फोन घ्यावा लागणार, असा खर्च निघतच जातो.

पार्सलं कोपऱ्यावरच्या नुर्तनच्या टपरीवर द्यायची. बिअर, वर्तमानपत्रं, गोळ्या, सिगरेटी आणि पार्सलं, सगळं एकाच खिडकीतून. व्यवस्था उत्तम, पण तिथे गेलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो. नुर्तन म्हणाली, शेठ, एक पार्सल आत, एक पाकीट बाहेर, हा धंदा तुमचा की माझा? मी म्हटलं, पाकीट पाहुण्यांसाठी आहे. ती म्हणाली, बरं आहे, बाईसाहेब नसताना रोज कुणीतरी येतंय.

१६ मार्च, रविवार.

रोझीचा फोन. आवाज मोकळा वाटला. ओहोटीच्या चिखलात रोज दोन तास चालते, मधे थांबावं लागत नाही. मग म्हणाली, किती झाल्या? मी म्हटलं, एकवीस. ती म्हणाली, दिवसाला? नंतर उलगडा झाला: ती दिवसाच्या सिगरेटी विचारत होती, मी विक्री सांगितली. दोन्हींचा आकडा योगायोगाने सारखाच होता, म्हणून दुरुस्ती केली नाही.

१८ मार्च, मंगळवार.

पार्सलं परत यायला लागली. आज सहा. पासाऊचा एकजण लिहितो: जॅकेटसोबत दारूचा गुत्ताही पाठवलात, आभारी आहे, दोन्ही परत पाठवतो. एक तारा. माणूस बव्हेरियाचा, दक्षिणेतला, त्यांना आम्ही उत्तरेकडच्यांनी काही पाठवलं तरी टोचतं. दुसरीने लिहिलं, स्वेटर तीन दिवस बाहेर टांगला, आता शेजारीण विचारते काही जळतंय का. एक तारा.

पण फुल्डाच्या बाईने पाच तारे दिले. पार्सल उघडलं आणि वडील खोलीत आल्यासारखं वाटलं, असं लिहिलंय. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. फुफ्फुसं. कोट धुणार नाही, कपाटात तसाच ठेवणार आहे.

हे गिऱ्हाईक खरं. मालाला व्यक्तिमत्त्व आहे हे कुणाला तरी कळलं. उरलेल्या कोटांचे भाव दोन युरोंनी वाढवले.

२० मार्च, गुरुवार.

आणखी पाच परत. वास काढायचे उपाय सुरू. कपडे व्हिनेगरात बुडवले: आता धूर आणि लोणचं. खिशात कॉफीची पूड भरली: कॉफी खिशातच राहिली, इस्त्री केल्यावर कायमची. दोन जॅकेटं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी जॅकेटं होती तशीच, रविवारसाठीच्या मांसाच्या गुंडाळ्यांना मात्र तंबाखूचा वास.

बाल्कनीत गार वारा. निमोनिया झाला तर रोझीला कोण सांभाळणार? म्हणून तात्पुरता स्वयंपाकघरात, धुराच्या पंख्याखाली उभा राहतो. ओढतो तो पंखा. मी फक्त पेटवून देतो.

नुर्तनला व्हिनेगरचा किस्सा सांगितला. ती म्हणाली, शेठ, एवढे उपद्व्याप कशाला, सिगरेटच सोडा. म्हटलं, मग तुझ्या गल्ल्याचं काय? ती म्हणाली, माझा नवरा या खिडकीत बसून रोज दोन पाकिटं संपवायचा. बावन्नाव्या वर्षी गेला. गल्ल्याचं माझं मी बघेन. असं म्हणून माझं पार्सल तिने जरा जोरातच मागे टाकलं. दिवसभर उभं राहून बायका चिडचिड्या होतात. मी हवापाण्याचा विषय काढला.

२३ मार्च, रविवार.

मोठा दिवस. सिगरेट बंद. कायमची. उरलेलं पाकीट नुर्तनच्या देखत तिच्या टपरीसमोरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तिने खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

दुपारी चारला परत जावं लागलं, डब्यात माझी किल्ली पडल्याचा संशय आला म्हणून. किल्ली नव्हती. रिकाम्या हाताने परत यायचं बरं दिसेना. नुर्तनने ते खिडकीतून पाहिलं. खिडकीचा पडदा ओढून घेतला.

रोझीला फोन करून सांगितलं, सोडली. ती म्हणाली, खरंच, एकहार्ड? असं विचारलं की माणसाचा उत्साह जातो.

२५ मार्च, मंगळवार.

गडबड झाली.

कासेलची ती छातीचं माप विचारणारी बाई बोर्कुमला उपचाराला आली आहे. रोझीच्याच टेबलावर जेवते. चौरस मीटरमधला कोट म्हणून तिने माझी जाहिरात सगळ्यांना वाचून दाखवली, मग फोटो मोठा केला. कोट कपाटाच्या आरशावर टांगलेला. आरशाच्या कडेला मी. हातात फोन, तोंडात पेटलेली सिगरेट, खाली ओळ: धूम्रपानमुक्त घरातून. टेबलावरच्या बाराजणी इतक्या हसल्या की दोघींना वाफ द्यावी लागली, रोझीनेच सांगितलं. ती स्वतः हसली का, ते सांगितलं नाही. कासेलची बाई म्हणाली म्हणे, या माणसाला बायको असेल का हो? रोझीने सूप संपवलं आणि खोलीत येऊन मला फोन लावला.

तिने विचारलं, एकहार्ड, आत्ता हातात काय आहे? म्हटलं, फोन. ती म्हणाली, दुसऱ्या हातात? म्हटलं, आवाज तुटतोय. तिचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. म्हणाली, रविवारी तू सांगितलंस तेव्हा मी टेबलावर सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या नवऱ्याने सोडली. त्यांनी माझ्यासाठी केक मागवला होता. मग म्हणाली, बरं, ठेवते.

‘बरं’ म्हणाली. म्हणजे तसं निवळलं आहे.

फोटो मात्र चार हजार लोकांनी पाहिला. सात गाड्यांवर नाव रंगवून एवढी प्रसिद्धी मिळाली नव्हती. कोट अजून गेलेला नाही.

२७ मार्च, गुरुवार.

निर्णायक कारवाई. ऑनलाइनचा नाद सोडला. मोठ्या बाजारात दर्दी गिऱ्हाईक नाही. न विकलेले आणि परत आलेले मिळून एकोणसाठ नग रस्त्यावरच्या जुन्या कपड्यांच्या दानपेटीत टाकले, चार खेपांत. शेजारच्या म्हाताऱ्या बाई बाल्कनीतून आडनावाने हाक मारून म्हणाल्या, पोहलमान, कुणी वारलं का घरात? म्हटलं, नाही, स्वच्छता. त्या म्हणाल्या, मग झाली एकदाची.

पडदे धुतले. पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरंही. बैठकीच्या भिंतीला एक हात पांढरा रंग दिला. चित्रं काढली तेव्हा त्यांच्या मागे खऱ्या भिंतीचा रंग दिसला. मी इतकी वर्षं समजत होतो की आपण भिंतींना बदामी रंग निवडला होता. एका हाताने बदामी झाकला जात नाही. दुसरा उद्या.

सिगरेटी: सहा. रंगाच्या वासाने डोकं दुखतं म्हणून. रोझी आल्यावर शून्य. तिला दोनदा फोन केला, चिखलात चालायला गेली असावी.

२९ मार्च, शनिवार. सकाळी सहा.

सगळ्या खिडक्या उघड्या. दारात उभा राहून स्वतः एक दीर्घ श्वास घेतला. काही आलं नाही. म्हणजे खोकला आला, पण तो माझा नेहमीचा, सकाळचा.

रोझीने गाडी कळवलेली नाही. वेळापत्रकावरून मीच काढली. सकाळची बोट, एम्डेनहून पुढे, हर्नेला तीन वाजून चार मिनिटं. ट्युलिप घेतले.

त्याच दिवशी. संध्याकाळी पावणेसहा. हर्ने स्टेशन.

फलाटावर धूम्रपानासाठी पिवळी चौकट आखलेली आहे, तिच्यात उभा आहे. स्टेशन म्हणजे काही घर नव्हे. तीन वाजून चारची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. रोझी नव्हती. साहजिक आहे, मधली गाडी चुकली असेल. त्यानंतरच्या दोन गाड्यांतही नव्हती. फोन उचलत नाही, बॅगेच्या तळाशी असेल.

एवढा उशीर म्हणजे रेल्वेकडून भरपाई मिळायला हवी. तिकिटाच्या पंचवीस टक्के तरी. हक्क सोडणारा मी नव्हे. इथेच फोनवर अर्ज भरायला घेतला. तिकिटाचा क्रमांक मागतात. आमचा दोघांचा ई-मेल एकच आहे, आरक्षण सापडलं.

८ मार्च: हर्ने ते बोर्कुम. २९ मार्च: बोर्कुम ते एम्डेन. त्यापुढचं तिकीट काढलेलं नाही.

आरक्षण २४ फेब्रुवारीचं आहे. मी शब्द दिला ८ मार्चला.