बाबांचं लग्नातलं भाषण

प्रिय बाबा,

हुंडा देणार नाही, देऊ देणार नाही असं ठणकावून सांगणाऱ्या मुलीने, बापाने तिच्या नकळत दिलेलं सगळं कोर्टात जाऊन परत मागितलं, तर ती तत्त्वाला जागली की तिने तत्त्व मोडलं? मला याचं उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला काहीही विचारायचात आणि मी बेधडक उत्तर ठोकायचे. इथे मात्र घोडं अडलं.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलीस ना?" म्हणता आणि आईच्या हातात देता. म्हणून पत्र. मी बरी आहे. खोली लहान आहे, खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, पण दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. प्रयोगशाळेत आता पाण्याचे नमुने मला एकटीला तपासू देतात. आईला सांगा, स्वयंपाक आहे तिथेच आहे. शेजारीण म्हणते, तुझी भाजी औषधासारखी, गिळायची आणि विसरायची.

मागच्या तारखेला कोर्टात सासरच्यांच्या वकिलाने आमच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. तुम्ही खुर्चीवर चढलेले, नवा सदरा, आवाज खणखणीत. "मी काही दिलं नाही, यांनी काही मागितलं नाही. माझ्या पोरीची पदवी हाच तिचा दागिना!" लोक टाळ्या वाजवताहेत, आणि सगळ्यांत जोरात मी. माझ्या हातात आईच्या सोन्याच्या बांगड्या. वकील म्हणाला, "बापच सांगतोय दिलं नाही म्हणून, मग बाई परत काय मागताहेत?" सासूबाई मागून बोलल्या, "त्या बांगड्याही आमच्याच!" तुमचे भाऊ, आपले मोठे काका, माझ्या बाजूने येऊन बसले होते, पण खाली बघून हसले. मला राग त्यांच्या हसण्याचा आला नाही, बाबा. त्या व्हिडिओत तुम्ही किती खूश दिसत होतात, त्याचा आला.

कारण मीही ते भाषण खरं मानलं होतं. भुसा डोळ्यांना सोसत नाही म्हणून तुम्ही तुमचं लाकूड कापायचं यंत्र विकलं, हेही खरं मानलं होतं. लग्नानंतर एकदा मी ह्यांची मोटरसायकल पुसत होते, तर सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जपून पूस गं, तुझ्या बापाचं यंत्र आहे ते." मला कळेना. मग यंत्र विकून ही गाडी आली, हे त्यांनीच हसत हसत उलगडून सांगितलं, आणि वर, "शिकलेली म्हणे! बापाने काय विकलं तेवढं ठाऊक नाही." पुढच्या सुट्टीला मी घरी आले, तेव्हा तुम्ही दुसऱ्याच्या कारखान्यात, ज्याला तुम्हीच रंधा धरायला शिकवलं त्याच्या हाताखाली, दार तासत होतात. भुसा तिथेही होताच की. मी चहाचा डबा ठेवला आणि परत फिरले.

बांगड्या सासूबाईंनी "तू नोकरीला जातेस, मी सांभाळते" म्हणून घेतल्या. तुम्ही माझ्यासाठी केलेल्या कपाटात आता नणंदेचे कपडे आहेत. मी ते घर सोडून निघाले तेव्हा ह्यांनी दारात उभं राहून सांगितलं, "अंगावरच्या कपड्यांनिशी आलीस, तशीच जा." आणि आता म्हणतात, काही येणं नाही असं लिहून दे, घटस्फोट लगेच देतो. तुम्हीही तेच म्हणालात, "सही कर पोरी, चार लोकांत शोभा नको." शोभा कुणाची, बाबा? त्यांनी घेतलं, वापरलं, आणि मान आपण खाली घालायची? चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घ्यायला मी शिकले नाही. तुम्ही मला त्यासाठी शिकवलंही नाहीत.

माझ्या वकीलबाईंनी मला स्पष्ट सांगितलं. लग्नात मुलीला मिळालं ते मुलीचं. सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला असतं, मागितलं की द्यावं लागतं. हुंडा देणंही गुन्हाच, म्हणून देणाऱ्यालाही अडकवू, अशी धमकी ते देतील, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याने खरं सांगितलं तर ते त्याच्यावर उलटत नाही. आणि समजा उलटलं, तर तुमच्या शेजारी मी उभी राहीन. यंत्र ज्यांनी विकत घेतलं ते गृहस्थ साक्षीला तयार आहेत. पण ते फक्त विकल्याचं सांगू शकतात. का विकलं, ते एकाच माणसाला सांगता येईल.

म्हणून काल मी त्या कागदावर सही केली नाही, त्यांच्या समोर तो टेबलावर परत सरकवला. मग न्यायाधीशांपुढे उभी राहून, काका ऐकत असताना, सांगितलं की माझे वडील त्या दिवशी खोटं बोलले, माझा शब्द राखायला बोलले. तुमची तब्येत, वय, मान, सगळ्याचा विचार करून झाला होता. साक्षीदार म्हणून तुमचं नाव मी दिलं आहे. कोर्टाचं बोलावणं दारावर येईल, त्याआधी ते तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं.

तुमचीच,
तोंडाळ लेक